तेरावा गडी: सॅस्कॅचेवान रफरायडर्सचा २००९ चा हंगाम

प्रेअरीवासी (धागाकर्ता)

कॅनडाच्या सॅस्कॅचेवान प्रांतातल्या रिजायना शहरात २००९ च्या फुटबॉल हंगामाचा विषय निघाला की दोन वाक्यांच्या आत बोलणे तेराव्या गड्यावर येते आणि तिथेच थांबते. मी २००८ साली इथे राहायला आलो आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेला माझा पहिला हंगाम तोच. तेव्हापासून हेच ऐकत आल्यामुळे मला वाटू लागले आहे की सॅस्कॅचेवान रफरायडर्सच्या त्या वर्षाविषयी कुणीतरी नीट लिहायला हवे, कारण पाच महिने चाललेल्या एका चांगल्या कहाणीचे शेवटचे पान तेवढे लोकांनी फाडून जवळ ठेवले आहे.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी मोजकेच सांगतो. कॅनडाचा फुटबॉल दिसायला अमेरिकन फुटबॉलसारखाच असतो, पण इथे एका बाजूला अकराऐवजी बारा गडी असतात, दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चारऐवजी तीनच संधी मिळतात, मैदान ११० यार्ड लांब आणि ६५ यार्ड रुंद असते, आणि गोलचे खांब थेट गोलरेषेवर रोवलेले असतात. तीनच संधी असल्यामुळे चेंडू दाबून बसता येत नाही आणि आघाडीवर असलेला संघही शेवटच्या मिनिटापर्यंत सुरक्षित नसतो. पुढे जे घडले ते समजायला एवढे पुरे.

रफरायडर्स हा कुणा एका धनिकाच्या मालकीचा संघ नाही. त्याचे समभाग सामान्य लोकांकडे आहेत, त्यांवर लाभांश मिळत नाही, आणि संघ डबघाईला आल्यावर प्रांतातल्या लोकांनीच तो एकदा नव्हे तर अनेकदा सावरून धरलेला आहे. सगळ्या प्रांताची लोकसंख्या तेव्हा जेमतेम दहा लाख होती आणि मैदान होते गावाच्या मधोमध असलेले जुने टेलर फील्ड. या संघाच्या चाहत्यांना कौतुकाने ‘तेरावा गडी’ म्हटले जात असे: मैदानात बारा आणि तेरावा म्हणजे प्रेक्षक. ही गोष्ट कृपया ध्यानात ठेवावी.

२००७ साली संघाने विनिपेगला २३-१९ असे हरवून ग्रे कप, म्हणजे कॅनडाच्या व्यावसायिक फुटबॉल लीगचे विजेतेपद, जिंकला होता. इतिहासातला हा त्यांचा तिसराच कप. त्यानंतर प्रशिक्षक केंट ऑस्टिन निघून गेले, लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरलेला क्वार्टरबॅक (म्हणजे चढाईची सूत्रे हलवणारा आणि पास देणारा गडी) केरी जोसेफ टोरांटोला देऊन टाकण्यात आला, आणि संघाची सूत्रे केन मिलर यांच्याकडे आली. मिलर यांनी साठी केव्हाच ओलांडली होती, आणि मैदानाच्या कडेला ते एखाद्या शाळेतल्या ज्येष्ठ मास्तरांसारखे शांत उभे असत. २००८ मध्ये क्वार्टरबॅकच्या जागी जो सापडेल त्याला उभे करत संघाने १२ सामने जिंकले खरे, पण बाद फेरीत ब्रिटिश कोलंबियाने घरच्या मैदानावर येऊन त्यांना धुतले. २००९ मध्ये ती जागा डॅरियन डुरंटला पूर्ण हंगामासाठी मिळाली, आणि हंगामाची खरी सुरुवात माझ्या मते तिथून होते.

डुरंट क्वार्टरबॅकच्या मानाने बुटका होता आणि त्याचे बरेच पास प्रतिस्पर्ध्यांच्या हातातही जात, परंतु चौकटीतला डाव फसला की तो पायांवर विसंबून काहीतरी नवे रचत असे. त्याचे पास झेलणाऱ्यांत अँडी फँटूझ, ख्रिस गेट्झलाफ, रॉब बॅग आणि जेसन क्लेरमाँट असे चौघे कॅनेडियन होते, आणि लोकांनी त्यांना ‘कॅनेडियन एअर फोर्स’ असे नाव दिले होते. नावामागची गंमत लीगच्या नियमात आहे. सुरुवातीच्या २४ खेळाडूंत तेव्हा किमान ७ कॅनेडियन असावेच लागत. बहुतेक संघ ही संख्या आघाडीच्या फळीतल्या धिप्पाड गड्यांनी भरून काढत आणि चेंडू झेलण्याचे झगमगते काम अमेरिकन खेळाडूंकडे सोपवत. रायडर्सनी तेच काम चार देशी पोरांना दिले आणि त्यामुळे बचावात जास्त अमेरिकन खेळवण्याची मोकळीक मिळवली. गेट्झलाफ आणि क्लेरमाँट तर रिजायनाचेच. त्यांच्या जोडीला नॉर्थ डाकोटाहून आलेला चिमुकला वेस्टन ड्रेसलर होता, आणि बचावात जॉन चिक होता, ज्याला त्या वर्षी लीगमधला सर्वोत्तम बचावपटू ठरवण्यात आले. चिकला टाइप वन मधुमेह आहे.

हंगाम काही सरळ रेषेत गेला नाही. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी विनिपेगला घरी हरवले आणि लगेच पुढच्या आठवड्यात विनिपेगमध्ये ५५-१० असा मार खाल्ला. ऑक्टोबरमध्ये कॅलगरीविरुद्ध जादा वेळेनंतरही ४४-४४ अशी बरोबरी झाली. त्या संध्याकाळी टेलर फील्डमधून बाहेर पडणाऱ्या लोकांना हसावे की रडावे हे कळत नव्हते. अखेर ७ नोव्हेंबरला शेवटच्या साखळी सामन्यात त्याच कॅलगरीला ३०-१४ असे हरवून संघ १० विजय, ७ पराभव आणि एका बरोबरीसह पश्चिम विभागात पहिला आला. १९७६ नंतर प्रथमच असे घडले होते. पश्चिमेचा अंतिम सामना त्यामुळे रिजायनात झाला आणि तिथेही कॅलगरीचा २७-१७ असा पाडाव झाला.

ग्रे कपचा अंतिम सामना २९ नोव्हेंबर रोजी कॅलगरीच्या मॅकमेहन स्टेडियममध्ये होता. समोर होता माँट्रियल अलुएट्स, ज्यांनी साखळीत १८ पैकी १५ सामने जिंकले होते. मध्यंतराला रायडर्स १७-३ असे पुढे होते, शेवटच्या सत्रात ती आघाडी २७-११ झाली होती, आणि तिथून माँट्रियलने गुण २७-२५ वर आणले. खांबांमधून किक गेली की तीन गुण मिळतात, पण घड्याळ संपताना माँट्रियलच्या डेमन डुव्हालने ४३ यार्डांवरून मारलेली किक खांबांच्या उजवीकडून बाहेर गेली. हिरव्या जर्सीतले रायडर्स मैदानात धावले. तेवढ्यात नियमभंग दाखवण्यासाठी पंचांनी टाकलेला नारिंगी रुमाल गवतावर पडलेला दिसला, कारण किकच्या वेळी रायडर्सचे तेरा गडी मैदानात होते. दहा यार्डांचा दंड झाला, डुव्हालने ३३ यार्डांवरून पुन्हा किक मारली आणि २८-२७ अशा गुणांनी कप माँट्रियलला गेला.

माझे म्हणणे एवढेच, की या शेवटच्या परिच्छेदाच्या आधीचे परिच्छेदही त्याच हंगामाचे आहेत. इतरांची मते वाचायला आवडतील.

शंकासुर

मला या खेळातले फारसे कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटल्यास क्षमा असावी. शाळेच्या कबड्डीतही एक गडी जास्त उतरला तर समोरचा कप्तान लगेच ओरडतो. इथे तर व्यावसायिक संघ, पगारी प्रशिक्षक, आणि त्यातही वर्षातला सर्वांत महत्त्वाचा क्षण. अशा वेळी माणसे मोजण्याचे काम कुणाकडेच नसते काय? आणि चूक एका संघाने केली, तर हुकलेली किक पुन्हा मारू देणे ही शिक्षा जरा जास्तच नाही का?

प्रेअरीवासी (धागाकर्ता)

शंकासुर, प्रश्न अजिबात बाळबोध नाही. त्या रात्री इथल्या प्रत्येक घरात तोच विचारला जात होता.

या खेळात एकच बारा जण सतत खेळत नाहीत. चढाईची तुकडी वेगळी, बचावाची वेगळी, आणि किकसाठी आणखी वेगळ्या तुकड्या असतात, ज्यांत बचावातले काही गडी राहतात आणि काही बाहेर जाऊन त्यांच्या जागी दुसरे येतात. कोण राहणार आणि कोण जाणार हे किक कशी असेल यावर ठरते. समोरचा संघ शेवटच्या काही सेकंदांत घाईघाईने किकसाठी उभा राहतो, तेव्हा बाहेर जायचा गडी आत राहिला किंवा न बोलावलेला गडी आत आला की संख्या चुकते. मोजण्याचे काम मैदानाच्या कडेला असलेल्या साहाय्यक प्रशिक्षकांचे असते आणि आतल्या अनुभवी गड्यांचेही असते. संख्या जास्त आहे हे वेळीच कळले असते तर एक माणूस पळत रेषेबाहेर गेला असता आणि प्रश्न मिटला असता. इथे ते कुणाच्याच ध्यानात आले नाही.

शिक्षेविषयी म्हणाल, तर क्रिकेटमधल्या नो-बॉलसारखे समजा. झेल घेतला, उड्या मारल्या, आणि पंचाचा आडवा हात नंतर दिसला. चूक करणाऱ्याला त्या चेंडूचा फायदा मिळू द्यायचा नाही हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे. दंडाचा निर्णय बाकी असताना सामना संपत नाही, म्हणून घड्याळात शून्य असूनही डुव्हालला दुसरी किक मिळाली. ४३ यार्ड आणि ३३ यार्ड यांत व्यावसायिक खेळाडूच्या दृष्टीने फार मोठे अंतर असते. पहिली किक हुकणे शक्य होते, दुसरी हुकली असती तर ते आश्चर्य ठरले असते.

कॅलगरीकर

मी त्या दिवशी मॅकमेहन स्टेडियममध्ये होतो, त्यामुळे लिहिल्यावाचून राहवत नाही. आमचा संघ आदल्या वर्षीचा विजेता होता, अंतिम सामना आमच्याच गावात होता, तिकिटे आम्ही वसंत ऋतूत काढून ठेवली होती, आणि एका आठवड्यापूर्वी रिजायनाने आम्हालाच बाहेर काढले. स्टेडियममध्ये पोहोचलो तर चहूकडे हिरवेगार. ४६,००० प्रेक्षकांतले निम्म्याहून अधिक सॅस्कॅचेवानचे असावेत असा माझा डोळ्यांचा अंदाज आहे. रिजायना ते कॅलगरी ७५० किलोमीटरहून जास्त रस्ता आहे, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की कॅलगरीत नोकरीसाठी आलेली सॅस्कॅचेवानची माणसे इतकी आहेत की तो त्यांचा घरचाच सामना होता.

धागाकर्त्यांच्या एका वाक्याला मात्र माझी हरकत आहे. ‘पश्चिम विभागात पहिला’ हे खरे, पण कॅलगरीचेही १० विजय, ७ पराभव आणि १ बरोबरी असेच होते. गुण सारखे झाले आणि आपसातल्या सामन्यांच्या हिशेबाने रिजायनाला अव्वल स्थान मिळाले. ज्या ४४-४४ च्या बरोबरीवर आपण हसावे की रडावे म्हणता, तिचा निकाल आमच्या बाजूने लागला असता तर पश्चिमेचा अंतिम सामना इथे झाला असता.

शेवटच्या क्षणाविषयी एक गोष्ट सांगतो, जी दूरचित्रवाणीवर तशी कळली नसावी. किक उजवीकडून गेल्याबरोबर आवाजाचा लोंढा उसळला. माझ्या पुढच्या रांगेत रायडर्सचे चाहते घालतात तसे पोखरलेल्या कलिंगडाचे शिरस्त्राण डोक्यावर घातलेला एक तरुण बाकावर चढून वडिलांच्या गळ्यात पडला. मग आवाज एकदम बंद झाला नाही. तो तुकड्यातुकड्यांनी विरत गेला, कारण रुमाल ज्या बाजूला पडला होता त्या बाजूच्या लोकांना आधी कळले आणि आमच्या बाजूला उशिरा. तो तरुण बाकावरच उभा होता. वडील खाली बसले होते. मी दोन तास त्यांच्याविरुद्ध ओरडलो होतो, तरी त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवले नाही.

आकडेमोड

या धाग्यात तेराव्या गड्याची चर्चा अपेक्षेप्रमाणे सुरू झाली आहे, म्हणून मी ती मुद्दाम दहा मिनिटे मागे नेतो. गुण २७-११ होते. फरक सोळाचा. सोळा म्हणजे दोन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेला की मिळणारे सहा गुण) आणि दोन्हींनंतर दोन-दोन जादा गुण, एवढे सगळे साधले तरच बरोबरी होणार. माँट्रियलने पहिला टचडाउन केला, पण जादा गुण हुकले, गुण झाले २७-१७. म्हणजे आता दहाचा फरक आणि माँट्रियलला चेंडू किमान आणखी दोनदा हवा. यानंतर त्यांनी दुसरा टचडाउन केला, या वेळी दोन गुण साधले, २७-२५. आणि चेंडू त्यांना पुन्हा मिळाला.

माझा प्रश्न त्या ‘पुन्हा’वर आहे. आघाडीवर असलेल्या संघाला एकच गोष्ट करायची असते: चेंडू आपल्याकडे ठेवून आणखी दहा यार्ड मिळवायचे. रायडर्सना ते जमले नाही. तीन संधींच्या खेळात प्रत्यक्षात दोनच प्रयत्न मिळतात, कारण तिसऱ्या वेळी चेंडू लाथाडून दूर पाठवावा लागतो. त्यात कॅनडाच्या तेव्हाच्या नियमांनुसार शेवटच्या तीन मिनिटांत प्रत्येक डावानंतर, म्हणजे चेंडू पुढे नेण्याच्या प्रत्येक प्रयत्नानंतर, घड्याळ थांबत असे आणि पुढच्या डावासाठी वीसच सेकंद असत, म्हणजे अमेरिकेत जसे गुडघा टेकून वेळ काढता येतो तसा इथे काढता येत नसे. अँथनी कॅल्व्हिलोसारखा क्वार्टरबॅक समोर असताना, ज्याला त्याच वर्षी लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरवले गेले, अर्धे मिनिटही पुष्कळ असते. एव्हॉन कोबर्न सामनावीर ठरला आणि सर्वोत्तम कॅनेडियन खेळाडूचा मान बेन काहूनला मिळाला. हे मान काही कुणाच्या मोजणीतल्या चुकीमुळे मिळत नाहीत.

तेव्हा हिशेब असा मांडावा की रायडर्सनी २७-११ नंतर सतरा गुण दिले. त्यांतले तीन तेराव्या गड्याच्या नावावर आणि चौदा बाकीच्या सगळ्यांच्या. त्या तीन गुणांची चर्चा वर्षानुवर्षे चालते आणि चौदांची कुणी करत नाही, याचे कारण क्रीडाशास्त्रात नाही, माणसाच्या स्वभावात आहे.

आणखी एक बारीक मुद्दा. पहिली, हुकलेली किक मैदानाच्या मागच्या रेषेपार गेली असती आणि रुमाल पडला नसता, तर कॅनडाच्या नियमाने माँट्रियलला एक गुण मिळाला असता आणि सामना २७-२६ असा सॅस्कॅचेवानने जिंकला असता. हुकलेल्या किकलाही गुण देणारा हा नियम बाहेरच्यांना हास्यास्पद वाटतो. त्या रात्री मात्र त्या एका गुणाला कुणी हसले नसते.

मृण्मयी_सास्काटून

आकडेमोड यांचा हिशेब बरोबर आहे, पण मला हंगामापेक्षा हंगामानंतरच्या आठवड्याविषयी लिहायचे आहे.

तो तेरावा गडी नेमका कोण, हे संघाने अधिकृतपणे कधीही सांगितले नाही. माध्यमांतून नावे फिरली, चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या गेल्या, परंतु प्रशिक्षकांनी आणि खेळाडूंनी ‘चूक संघाची’ एवढेच म्हटले आणि त्यावर ते ठाम राहिले. मी तेव्हा एका शाळेत काम करत होते आणि सोमवारी सकाळी मुलांना दुसरा विषयच नव्हता. आठवीतला एक मुलगा तावातावाने नाव शोधून काढण्याच्या गोष्टी करत होता. आमच्या इथल्या वयस्कर वाहनचालकाने त्याला विचारले, ‘नाव कळल्यावर तू काय करणार?’ मुलाकडे उत्तर नव्हते. मलाही ते अजून सापडलेले नाही, म्हणून या धाग्यावरही कुणी नावाचा अंदाज लिहू नये अशी माझी विनंती आहे.

संघ लोकांच्या मालकीचा असला की राग कुणावर काढायचा हा पेचच पडतो. मालक शेजारी राहतो, नाहीतर आपणच असतो. त्यात चाहत्यांचे नावच ‘तेरावा गडी’. त्या आठवड्यात हा विनोद इतक्या जणांनी इतक्या वेळा केला की शेवटी तो विनोद राहिला नाही.

कॅलगरीकरांनी कलिंगडाचा उल्लेख केला आहे म्हणून थोडे अवांतर. हे शिरस्त्राण करायला सोपे वाटते, पण नाही. डोक्याच्या मापाचे कलिंगड शोधावे लागते, अर्धे कापून गर चमच्याने खरवडून काढावा लागतो, पांढरा थर बोटभर ठेवावा लागतो, नाहीतर साल वाकते. आतून कितीही पुसले तरी तासाभराने गोड पाणी कानामागून मानेवर उतरू लागते आणि नोव्हेंबरच्या थंडीत ते कॉलरवर गोठते. माझ्या नवऱ्याने २००९ मध्ये पश्चिमेच्या अंतिम सामन्याला ते घातले होते. गर आम्ही दोन दिवस खात होतो.

जुना_प्रेक्षक

मी सत्तरच्या दशकात टोरांटोला आलो, त्यामुळे या संघाच्या दुःखाचा आणि सुखाचा थोडा जुना साक्षीदार आहे. धागाकर्ते ‘१९७६ नंतर प्रथमच’ असे लिहून पुढे गेले, पण १९७६ मध्ये काय झाले हे सांगितल्याखेरीज २००९ चे दुखणे पुरते कळणार नाही.

त्या वर्षी रॉन लँकेस्टर क्वार्टरबॅक होते आणि सॅस्कॅचेवान पश्चिमेत पहिले येऊन टोरांटोला अंतिम सामना खेळायला आले होते. समोर ऑटावा. सामन्याला २० सेकंद उरली असताना सॅस्कॅचेवान २०-१६ असे पुढे होते. टॉम क्लेमेंट्सने २४ यार्डांचा पास दिला, टोनी गॅब्रियलने तो गोलरेषेपलीकडे झेलला आणि ऑटावाने २३-२० असा कप नेला. म्हणजे हा संघ पश्चिमेत पहिला आला १९७६ ला आणि त्यानंतर थेट २००९ ला, आणि दोन्ही वेळा कप शेवटच्या अर्ध्या मिनिटात गेला. सॅस्कॅचेवानच्या माझ्या वयाच्या माणसाला २००९ मध्ये धक्का बसला नसेल, त्याला ओळखीचे कुणी भेटल्यासारखे वाटले असेल.

आता उलट बाजू. १९८९ साली हाच संघ साखळीत ९ विजय आणि ९ पराभव अशा बेताच्या कामगिरीनंतर अंतिम सामन्याला पोहोचला. समोर हॅमिल्टन, गुण ४०-४०, आणि डेव्ह रिजवेने ३५ यार्डांवरून किक मारून ४३-४० असा कप जिंकला. घड्याळात दोन सेकंद उरली होती. मी तो सामना नव्याने बांधलेल्या स्कायडोममध्ये पाहिला. माझ्या बाजूला बसलेल्या शेतकरी गृहस्थांनी किकच्या वेळी मैदानाकडे पाठ केली होती आणि ते माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. निकाल त्यांना माझ्या तोंडावरून कळला.

रिजवेसाठी चेंडू जमिनीवर धरून ठेवणारा खेळाडू होता ग्लेन सूटर. वीस वर्षांनी, २००९ च्या सामन्यात, तोच सूटर दूरचित्रवाणीवर समालोचकांच्या खोलीत बसलेला होता. ज्याच्या बोटांखाली असलेल्या चेंडूने सॅस्कॅचेवानला कप मिळवून दिला, त्याला ३३ यार्डांवरची ही दुसरी किक जगाला सांगावी लागली. समालोचक पक्षपाती नसावा हे मान्य आहे. पण त्या क्षणी मी पडद्याकडे न बघता त्याच्या आवाजाकडेच कान लावून होतो.

कॅलगरीकर

जुना_प्रेक्षक, हा संदर्भ ठाऊक नव्हता, मनःपूर्वक आभार. १९८९ च्या चित्रफितीत आता रिजवेच्या पायाऐवजी सूटरचे हात पाहीन.

शंकासुर

धागा वाचता वाचता मी या खेळाचे नियम शोधत बसलो आणि असे दिसले की लीगने सप्टेंबर २०२५ मध्ये मोठे बदल जाहीर केले आहेत. २०२६ पासून डावांमधल्या वेळेसाठी आपोआप सुरू होणारे ३५ सेकंदांचे घड्याळ येणार, हुकलेली किक मैदानाबाहेर गेली तर मिळणारा एक गुण जाणार, आणि २०२७ पासून गोलचे खांब गोलरेषेवरून मागच्या रेषेवर नेऊन मैदान १०० यार्डांचे करणार. मग २००९ चा तो शेवट नव्या नियमांत कसा दिसला असता?

आकडेमोड

शंकासुर, हा विचार मीही करून पाहिला. खांब मागच्या रेषेवर गेले की किकचे अंतर वाढते. नव्या मैदानात गोलरेषा आणि मागची रेषा यांमधल्या पट्ट्याची खोली १५ यार्ड असणार आहे, म्हणजे डुव्हालने ज्या जागेवरून ४३ यार्डांची किक मारली तिथून ती ५८ यार्डांची झाली असती, आणि दंडानंतरही ४८ ची. ४८ ची किक चांगला खेळाडू मारतो, पण डोळे मिटून मारत नाही. त्यामुळे माँट्रियलला आधी आणखी पुढे यावे लागले असते आणि त्यासाठी त्यांच्याकडे वेळ नव्हता. थोडक्यात, नव्या नियमांत तेरा गडी उभे राहूनही कदाचित सॅस्कॅचेवान जिंकले असते. हा अर्थातच कागदी खेळ आहे, कारण नियम वेगळे असते तर सगळा सामनाच वेगळा खेळला गेला असता.

मला स्वतःला हे बदल आवडलेले नाहीत. खांब गोलरेषेवर असणे आणि मैदान ११० यार्डांचे असणे यात या खेळाचा चेहरा आहे. सीमेपलीकडच्या लीगसारखे दिसायचे असेल तर बारावा गडी तरी कशाला ठेवायचा, असे उद्या कुणी विचारले तर उत्तर काय देणार?

प्रेअरीवासी (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कॅलगरीकरांची दुरुस्ती मान्य. आकडेमोड यांचा चौदा गुणांचा हिशेब मी पहिल्या लेखातच द्यायला हवा होता.

त्या संघाचे पुढे काय झाले हे राहून गेले. चिक आणि बचावातला त्याचा जोडीदार स्टीव्ही बॅग्ज हे दोघेही हंगाम संपताच अमेरिकेतल्या लीगमध्ये गेले, चिक इंडियानापोलिसला आणि बॅग्ज ॲरिझोनाला. बचावाच्या दोन्ही कडा अशा उघड्या पडूनही २०१० मध्ये रायडर्स पुन्हा अंतिम सामन्यात पोहोचले, समोर पुन्हा माँट्रियल, आणि एडमंटनमध्ये २१-१८ असे पुन्हा हरले. या पराभवाविषयी इथे कुणी बोलत नाही. त्यात एकही गडी जास्त नव्हता.

डुरंट मात्र संघातच राहिला. २०१३ साली ग्रे कपचा अंतिम सामना रिजायनातच होता, आणि २४ नोव्हेंबरच्या रात्री रायडर्सनी हॅमिल्टनला ४५-२३ असे हरवले. कोरी शीट्स त्या रात्री १९७ यार्ड धावला आणि तो ग्रे कपमधला विक्रम ठरला. २००९ च्या संघातले डुरंट, ड्रेसलर, गेट्झलाफ आणि बॅग त्या सामन्यातही होते. मी टेलर फील्डच्या पूर्वेकडच्या बाजूला बसलो होतो आणि दुसऱ्या सत्रातच निकाल कळून चुकला होता, तरी आमच्या रांगेतले कुणी जागेवरून हलले नाही.

टेलर फील्ड आता नाही, संघ २०१७ पासून नव्या स्टेडियममध्ये खेळतो. तिथेही माझ्या शेजारची जागा त्याच गृहस्थांची आहे, ज्यांच्या शेजारी मी जुन्या मैदानात बसत असे. प्रतिस्पर्धी संघ किक मारायला उभा राहिला की ते बोलणे मधेच थांबवून आपली माणसे मोजू लागतात. जाड हातमोज्यांमुळे बोटांवर मोजता येत नाही, म्हणून ओठांनी पुटपुटत मोजतात. बारापर्यंत आले की क्षणभर थांबतात, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात.